पोटातले भाडेकरू

सुनेने सासूबाईंच्या हातातली पळी काढून घेतली, तीही चार पाहुण्यांसमोर, “आईंच्या हातचं कुणी खाऊ नका,” असं म्हणत. सासूबाईंचा जळफळाट झाला. “मला काय धाड भरलीय?” प्रयोगशाळेत जंतू तपासणारी सून म्हणाली, “टायफॉइडचे जंतू तुमच्या पित्ताशयात ठाण मांडून आहेत. तुम्हाला काही करत नाहीत, पण हातांवरून जेवणात उतरतात. पोरगी पुन्हा आजारी पडली ती त्यामुळेच.” “म्हणजे भाडेकरू माझे आणि उपद्रव शेजाऱ्यांना!” पाहुणे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. आतून तापाने वाळलेल्या नातीची हाक आली, “आजी, तूच भरव ना!” सुनेने केलेल्या मऊ भाताची वाटी घेऊन त्या उंबऱ्यापर्यंत गेल्या, स्वतःच्या बोटांकडे बघत थबकल्या. परतून वाटी सुनेला दिली. “खरं बोललीस, म्हणून देतेय. पण माझ्या पोटातल्या जंतूंवर औषध आहे, तुझ्या जिभेवरच्यांवर नाही.”