तोंड भरलंय

ताटात कोंडोवोलेचा, कसाव्याच्या उकडीचा, अर्धा गोळा, वरून वाळलेला.

शर्टाची चार बटणं, आणि ती लावून घ्यायला बहिणीच्या दारात उभा राहिलेला चाळीस वर्षांचा भाऊ.

परवान्यावर सहा माद्या. सातवी नाही.

पाण्यात लोंबणारा पांढरा दोरा, बोटभर लांब.

फायनेसनं नळीचं टोक टाकीत सोडलं, दुसरं तोंडात धरून पाणी ओढलं आणि तो दोरा हलकेच खेचून घेतला. बादलीत पडताच तो दिसेनासा झाला. तिनं तोंडात आलेलं सरोवराचं पाणी थुंकलं. पहाटेपासून ती माशांच्या शेडमध्ये उभी होती. आता दुपार कलली होती आणि पायांना आपण कुणाचे आहोत हेही आठवत नव्हतं.

म्बुना माशांची मादी अंडी तोंडातच उबवते. तोंडात अंडी घेतलेली मादी खात नाही, कोपरा धरते, काळवंडते. आजारी मादीही नेमकं तेच करते. फरक एवढाच, की अंडीवालीचं पोट आत जातं आणि गळा खाली सुटतो. आजारीचं पोट फुगतं आणि शी पांढरी होते, दोऱ्यासारखी. तोंड उघडून बघायची सोय नाही. बोट लागलं की ती अंडी थुंकून टाकते, नाहीतर गिळते. म्हणून शेडमध्ये फायनेसला विचारायचे. एकोणीस वर्षांत तिचं सांगणं एकदाही चुकलं नव्हतं.

या मादीचा गळा सपाट होता.

दारातून लोंग्वे मुकादम आला. डावा पाय ओढत, पाटी काखेत धरून. उंबऱ्यावर फायनेसचा भाऊ वोंगानी जाळं सांधत बसला होता. लोंग्वे त्याच्यापाशी थांबला.

"हा डावखुरा कधीपासून झाला?"

"लहानपणापासून," फायनेस आतूनच म्हणाली. "दोन्ही हातांनी आंबे चोरायचा. आईनं मारताना कुठला हात धरावा तेच कळायचं नाही."

वोंगानी हसला. मान वर केली नाही. उजवा हात त्यानं मांडीवर ठेवला होता, दुसऱ्याचा सांभाळायला घेतल्यासारखा. रविवारी खोल बुडी मारून वर आल्यापासून तो हात खांद्यापासून खाली बधिर होता. कुणाला बोलायचं नाही, असं त्यानं बहिणीला बजावलं होतं. हात गेलेल्या पाणबुड्याला होडीत कोण घेतो? आणि असा हात घेऊन लगेच पुन्हा उतरलेल्यांचं काय होतं, कुणी लुळा होऊन वर येतो, कुणी येतच नाही, ते किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांना माहीत होतं.

लोंग्वे टाकीसमोर वाकला.

"काय म्हणतेय आपली राणी? मासे न्यायचं विमान गुरुवारचं आहे, बाई. आजारी असेल तर तसं सांग. तिच्या जागी दुसरी आणू. उद्या सकाळी होडी काढतो."

या माद्या ज्या खडकापाशी सापडत, तो तीस मीटर खाली होता. तिथवर उतरणारा एकटा वोंगानीच.

"आणि तोंड भरलं असेल तर?" फायनेसनं विचारलं.

"तर काय, पिल्लं बाहेर पडेपर्यंत एकवीस दिवस हात जोडून बसायचं. आजारीच्या बदली दुसरी चालते, पण धडधाकट सहाच्या वर एक काढली तर परवाना जाईल. नियम काय मला शिकवतेस?"

त्यानं डब्यातून चिमूटभर दाणे घेतले आणि पाण्यावर सोडले. बाकीच्या म्बुना झेपावल्या. कोपऱ्यातली मादी जरा पुढे आली. तिनं एक दाणा आत ओढला. मग बाहेर टाकला. पुन्हा ओढला, पुन्हा टाकला.

अंडी घेतलेली मादी दाण्याकडे तोंडसुद्धा उघडत नाही.

दाणा हळूहळू तळाशी गेला. दोघंही तो तळाला टेकेपर्यंत बघत राहिले.

"पाहिलंस?" लोंग्वेनं विचारलं.

"पाहिलं."

"काय पाहिलंस?"

फायनेसनं नळी गुंडाळायला घेतली. हात ओले होते, नळी सटकत होती. तिला बसायचं होतं. कुठंही, बादलीवरसुद्धा.

"तोंड भरलंय तिचं."

लोंग्वे अजून वाकूनच होता. मादीचं फुगलेलं पोट काचेला घासून गेलं. मग तो गुडघ्यावर हात टेकून सरळ झाला आणि पाटीवर खडूनं तारीख घातली. तारखेपुढे लिहिलं : अंडी.

"एकोणीस वर्षं झाली ना तुला इथं?"

"एकोणीस."

"मग तू म्हणतेस ते खरं. गिऱ्हाइकाला कळवतो, थांबा म्हणून. एकवीस दिवस त्या खडकाकडे होडी जाणार नाही." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "तिला एकटीला मागच्या टाकीत घे. दोन मुठी मीठ टाक."

मीठ आजारी माशांना टाकतात.

"अंडी असताना मीठ कशाला, मुकादम? अंडीवालीला तर..."

"टाक म्हटलं ना, बाई."

उंबरा ओलांडताना त्यानं वोंगानीच्या मांडीवरचं जाळं उचललं, दोन गाठी बघितल्या आणि परत ठेवलं. "बेकार गाठी आहेत. घरी जा आता."

पाय ओढल्याचा आवाज वाळूवरून लांब गेला.

"काय ठरलं, ताई?" वोंगानीनं विचारलं.

फायनेस मिठाच्या पोत्यापाशी बसली होती. मूठ भरली होती, पण उठवत नव्हतं.

"ताटात अर्धा गोळा टाकून आलायस," ती म्हणाली. "जा, संपव आधी."

मुकादम होण्यापूर्वी लोंग्वे सोळा वर्षं पाणबुड्या होता.