तेहतीस सरळ रेघा

"आमचे फ्रिज शिस्तीचे आहेत," मंत्री म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले. मग रिक हसला. रिक बॉस, त्यामुळे टेबलाभोवतीचे सगळेच हसले.

मनोहर हसला नाही. पडद्यावरचा आलेख त्यानेच लावला होता. हे पाहुणे मंत्री पूर्व आफ्रिकेतल्या एका देशाचं आरोग्य खातं सांभाळत. तिथल्या बेचाळीस सरकारी हॉस्पिटलांत लहान मुलांच्या लशींचे फ्रिज होते, आणि प्रत्येक फ्रिजचं तापमान तासातासाला अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोच्या या ऑफिसात दिसावं, अशी सिस्टीम मनोहरच्या टीमने केली होती. नऊ हॉस्पिटलांच्या रेघा वीज गेली की वर चढत, आली की उतरत. उरलेल्या तेहतीस रेघा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. चार अंश. पहाटे चार, भर दुपारी चार, गावात दोन दिवस वीज नसली तरी चार. त्या तेहतीस ठिकाणी तापमान मोजणारी यंत्रं बसलीच नव्हती. कोणीतरी खुर्चीत बसून आकडे भरत होतं, आणि कोमट होऊन वाया गेलेल्या लशी रोज पोरांच्या दंडांत टोचल्या जात होत्या.

"फॉर्मवर सही कोण करणार?" रिकने विचारलं. बेचाळीसही ठिकाणी काम पूर्ण झालं, असा तो फॉर्म होता.

मंत्र्यांनी कोटाचे खिसे उलटे करून दाखवले. "मी पेन बाळगतच नाही. एकोणीस वर्षं सत्तेत आहे, एका कागदावर माझी सही दाखवा!" आणि त्यांनी अंगठ्याने मागे खूण केली. मागे जोसेफ उभा होता, त्यांचा सेक्रेटरी. पिकल्या केसांचा, सडपातळ, नजर जमिनीला खिळलेली.

मनोहरला शिसारी आली. असले नमुने त्याने नागपुरातही पाहिले होते. पण निर्लज्जपणाची अशी जाहिरात करणारा हा पहिलाच. याचे हात कायम स्वच्छ, आणि अडकणार तो मागे उभा असलेला म्हातारा!

मीटिंग सुटल्यावर रिकने त्याला बाजूला घेतलं. "आधी आपल्या बाजूची सही लागते. उद्या सकाळी नऊला हवी. नुसती फॉर्मॅलिटी आहे, मॅन." मग जाता जाता, सहज आठवल्यासारखं, "तुझ्या ग्रीन कार्डाचं पत्र माझ्या टेबलावरच आहे."

कॉफी मशीनपाशी जोसेफने त्याला गाठलं.

"मिस्टर मनोहर, तुमची सही झाली नाही, तर मला करता येणार नाही," तो हळूच म्हणाला. "मला 'नाही' म्हणता येत नाही. तुम्हाला येतं. माझं गाव त्या तेहतीसात आहे."

मनोहरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी सही करणार नाही. शब्द देतो."

आणि तो खरंच मनापासून बोलला होता. पार्किंग लॉटपर्यंत त्याची छाती फुगलेली होती. गाडीत बसल्यावर मात्र ग्रीन कार्डाची तीन वर्षं अडकलेली फाइल आठवली. शेजारच्या फ्रिस्को गावातलं अर्धं बांधून झालेलं घर आठवलं. उल्काने कालच स्वयंपाकघराच्या फरशीचा रंग नक्की केला होता. त्याने फॉर्म पुन्हा वाचला. सहीच्या जागेखाली 'डेलिव्हरी लीड', म्हणजे कामाचा प्रमुख, एवढंच लिहिलं होतं. कोण ते नव्हतं लिहिलं. नकोसं काम कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसला पाठवायचं, ही तर ऑफिसची रोजची रीत.

पुण्यात उजाडलं होतं. तिथलं काम बघणाऱ्या एकनाथने दुसऱ्याच रिंगला फोन उचलला. इंजिनिअरिंगला दोघं एका खोलीत राहिलेले.

"एकनाथ, एक सही हवी होती. टेस्टिंग तिकडे झालंय, तर टेक्निकली तुझ्याकडूनच यायला पाहिजे रे. स्कॅन करून पाठव."

"पाठवतो की. तू सगळं बघितलंयस ना पण?"

"हो, बघितलंय," मनोहर म्हणाला. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

"मग काय, डोळे झाकून करतो!"

घरी जेवताना मनोहरने उल्काला त्या मंत्र्याबद्दल सगळं सांगितलं. सांगताना त्याने ताट बाजूला सरकवलं. "अशा माणसांमुळेच ते देश वर येत नाहीत गं," तो म्हणाला, आणि लवकर झोपला.

सकाळी नऊला मीटिंगच्या खोलीत जोसेफ एकटाच होता. मनोहरने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. जोसेफने चष्मा लावला. नाव वाचायला त्याला वेळ लागला, कारण त्याच्या अपेक्षेतलं ते नव्हतं.

"हे गृहस्थ कोण?"

"आमच्या पुण्याच्या ऑफिसात असतात."

"त्यांनी त्या रेघा पाहिल्या?"

"नाही. म्हणजे... मी पाहिल्यात."

जोसेफने फॉर्म स्वतःकडे ओढला. एकनाथच्या सहीखाली त्याने आपली सही केली, तारीख घातली, शाई वाळेपर्यंत थांबला. मग चष्मा काढून त्याने पहिल्यांदाच मनोहरच्या डोळ्यांत नीट पाहिलं. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. नुसती वर्षानुवर्षांची सवयीची अदब होती.

"आणि आपण कुठल्या खात्याचे मंत्री, सर?"