अर्धी इस्त्री

सरजाबाईनं इस्त्रीच्या बुडावर पाण्याचा थेंब टाकला. चर्र झालं. इस्त्री बरोबर तापली होती, पण सुला काही पुन्हा पाटावर मान टाकायला तयार होईना.

"अर्धे झालेत. उरलेले कोण करणार, तुजा बाप?"

"आई, जळायलेत ते. वास बघ." सुलानं डावीकडचे, इस्त्री झालेले केस पुढं धरले. उजवीकडचे होते तसेच कुरळे, खांद्यावर फुगून बसलेले. "मला जमतंय आता. न्हाल्यावर वल्ल्यातच बोटांनी सोडवायचे, जवसाचं पाणी चोळायचं, आन मग हात लावायचा न्हाई. आपलेआपण बसतेत."

"जवस चटणीला असतंय."

परभणीच्या वसतिगृहात मास्तरकी शिकायला गेली आणि पोरगी हे खूळ घेऊन आली. तिकडं इस्त्री कोण फिरवणार? आधी म्हणे सुके विंचरले तर सगळं डोकं उभं राहिलं, पोरी खिदळल्या. मग हळूहळू उमगलं. जळकी टोकं तर तिनं स्वतःच कातरून टाकली. बाईच्या जातीनं केसाला कात्री लावायची म्हणजे काय, ह्या विचारानं सरजाबाई दोन दिवस नीट जेवली नव्हती.

आणि आज पाहुणे यायचे होते. मागचं स्थळ सुलाच्या डोक्याकडं बघूनच उठलं होतं. "उद्या जट झाली तर?" त्यांची म्हातारी उंबऱ्यात म्हणाली होती. जट झाली की पोरगी देवीला सोडायची. बौद्ध होऊन ते सगळं सोडल्याला वीस वर्षं होत आली, पण लोकांच्या डोक्यातून जट काही गेली नव्हती. सरजाबाई चुलीपाशी गेली, तशीच परत आली, दारातून डोकावली, परत इस्त्रीपाशी आली. जिवाला थारा म्हणून नव्हता.

"येऊ दे त्यांना सांजच्या गाडीनं. तवर उरकतंय. वाक खाली."

अंगणात चपला वाजल्या. सुलाचा बाप सूर्यभान मास्तर मोठ्यानं म्हणाला, "या, या, जयभीम. लवकरच आलात म्हणायचं."

सरजाबाईनं इस्त्री खाटेखाली सरकवली. तेलाचं बोट फिरवून दोन्हीकडचे केस एका वेणीत कसेबसे कोंबले आणि पोरीच्या डोक्यावरून पदर ओढला. एकीकडून डोकं चप्पट, दुसरीकडून फुगलेलं. आता लाज राखली तर राखली.

पुरुषमाणसं ओसरीवर बसली. मुलाची आई नर्मदाबाई तेवढी आत आली. आडव्या बांध्याची, मोकळ्या तोंडाची बाई. तिनं सुलाला शिक्षण विचारलं, भाकरी थापता येते का विचारलं, चहा घेतला आणि बशी खाली ठेवून म्हणाली, "वेणी सोड बाई."

"तिचं डोकं दुखायलंय सकाळधरनं," सरजाबाई मधेच म्हणाली.

"राग मानू नका. थोरल्या सुनंची सोडली न्हवती आमी. लग्न झाल्यावर हातभर गंगावन निघालं, खोट्या केसाचं. आता बघितल्याबिगर फुडं जायचं न्हाई." असं म्हणत तिनं स्वतःच रिबीन ओढली.

केस मोकळे झाले. डावीकडचे सरळ खाली आले, उजवीकडचे वर सरकले. नर्मदाबाई एकदा इकडून बघे, एकदा तिकडून.

"ह्यातले खरे कंचे?"

"सरळच हायेत की," सरजाबाईच्या तोंडून निघून गेलं. "हिकडचे जरा गुंतलेत."

सुलानं आईकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"गुंतलेत तर सुटतील," म्हणत नर्मदाबाईनं कोनाड्यातला कंगवा घेतला आणि कुरळ्या केसांत घातला. तो अडकला. तिनं ओढला. सुलाची मान मागं गेली, डोळ्यांतून पाणी आलं, पण पोरीनं हूं की चूं केलं नाही.

अशीच ती दहा वर्षांची असल्यापासून पाटावर मान टाकून गप पडायची. सरजाबाईला वाटायचं, दुखत नसंल.

तिनं नर्मदाबाईचं मनगट धरलं. "सुके ओढू नका. तुटतेत."

पाहुण्यांसाठी भरलेला तांब्या तिनं जवळ ओढला. ओंजळीत पाणी घेऊन कंगव्याभोवतीचे केस भिजवले आणि टोकाकडून एकेक गुंता बोटांनी सोडवला. तिच्या बोटांना सवय नव्हती. सुला हळूच म्हणाली, "खालून वर ये, आई." कंगवा निघाला. मग सरजाबाईनं तेच पाणी इस्त्रीच्या बाजूला लावलं. टोकं तशीच ताठ राहिली, पण मुळाकडचे केस वळायला लागले.

"खरे हे," ती म्हणाली.

"मग सरळ कशानं झालते?"

"इस्त्रीनं. मीच फिरवली."

नर्मदाबाईनं पदरानं वारा घेतला. ओसरीवर कुणीतरी हसलं, बोलणं थांबलं, परत सुरू झालं. पोरगी तिला आवडली होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिनं जरा तडजोडीवर यावं तशी मान हलवली.

"बरं, ऱ्हाऊ द्या. लग्नाच्या दिवशी तरी सरळ करताल ना? चार लोकं बघतेत, फोटो निघतेत."

होय म्हटलं की स्थळ पक्कं होतं, हे तिघींनाही कळत होतं.

"न्हाई," सरजाबाई म्हणाली. "आन तुमच्या घरात इस्त्री असंल, तर ते आत्ताच सांगा."