महादेवीचा जपान

लातूर जिल्हा नवा झाला, त्या साली आभाळ कोरडंच राहिलं. उदगीरच्या वीरण्णा किराणावाल्यांची लेक महादेवी जपानच्या राजकारणावर संशोधन करायचं म्हणून पुण्याला शिष्यवृत्तीच्या मुलाखतीला गेली. निघताना आईनं टँकरच्या पाण्यातला आख्खा हंडा तिच्या न्हाण्यासाठी राखला होता.

निवड समितीच्या अध्यक्षांनी अर्जावरचं गाव नि विषय तेवढा पाहिला आणि बाकीचा न वाचताच तो बाजूला सारला. "जपानचा अभ्यास इथली पुण्याची मुलं करतील. तुम्ही तुमच्या दुष्काळावर लिहा. विषय बदला, शिष्यवृत्ती आत्ता मंजूर करतो."

महादेवीची इतका वेळ जपलेली पुस्तकी मराठी गळून पडली. तिनं अर्ज उचलून पुन्हा त्यांच्यापुढं ठेवला.


"दुष्काळ मला पाठ हाय, सर. जे येत न्हाई, ते शिकायला आले मी."