भारी कुलूप

चिकलठाण्याच्या नव्या फ्लॅटात विश्वजीतनं हलका माल येऊच दिला नाही. दाराला तर अंगठा टेकवला की उघडणारं, बाजारातलं सगळ्यात भारी कुलूप बसवलं.

पण जन्मभर कापूस वेचून झिजलेला त्याच्या आईचा, दगडाबाईचा अंगठा त्या कुलपाला ओळखूच येईना. भाजी घेऊन आली की पोरगा कामावरून येईस्तोवर ती जिन्यात बसायची.

"भारी माल हाय माय, होईल सवय," विश्वजीत म्हणायचा.

पाचव्या दिवशी तिनं सुतार बोलावला आणि शहागंजच्या बाजारातली जाड लोखंडी कडी दाराला आतून ठोकून घेतली.

संध्याकाळी विश्वजीतनं अंगठा टेकवला. कुलूप टुणकन वाजून उघडलं, पण दार काही हलेना.

 

आतून आवाज आला, "बस जिन्यात लेकरा, होईल सवय."