नकलेचं शेवटचं पान

खारघरच्या ग्रंथालयात नोंदणीच्या यंत्राने मैत्रीचा उजवा अंगठा घेतला नाही. तो कुठलंच यंत्र घेत नसे. तिने सवयीने डावा टेकवला.

आत ग्रंथालयाचे फारसीचे जाणकार परकार सर बाबांची पोथी उघडून बसले होते. मूळ फारसी पोथी पनवेलच्या एका घरातून पुरात गेली. मागे उरले काही पानांचे फोटो आणि बाबांनी बोरूने केलेली ही नक्कल. ती मुळाबरहुकूम ठरली, तरच ग्रंथालय ठेवून घेणार होतं. मैत्रीला एवढंच हवं होतं, की बाबांचं काहीतरी कुठेतरी उरावं. त्यांना जाऊन जेमतेम महिना झाला होता.

"फारसी यायची त्यांना?"

"एक अक्षर नाही, सर. नगररचनेच्या ऑफिसात ट्रेसर होते. नकाशे गिरवायचे."

"तरीच." सर हसले. "भाषा येणारा मधेच शहाणपणा करतो, शब्द सुधारतो. यांनी तर किड्याने खाल्लेली भोकंपण काढलीत. किड्यालाही सोडलं नाही."

मैत्रीलाही हसू आलं. बाबा घरात तिच्यापेक्षा त्या पानांकडेच जास्त बघत, असं आई म्हणायची. बोरू तासायच्या चाकूला तिने लहानपणी एकदाच हात लावला होता. त्या दिवसापासून चाकू कपाटावर गेला.

सर शेवटच्या पानावर आले. फारसी पोथीत लिहिणारा इथे आपलं नाव घालतो, असं त्यांनी सांगितलं. मैत्री पुढे झुकली.

"नाव आहे, पण जुन्या लेखनिकाचंच. तेही जसंच्या तसं उतरवलंय. ताई, यात तुमच्या बाबांचं स्वतःचं काहीच नाही. म्हणून तर ती आम्हाला हवी."

तिने मान हलवली. पोथी तर राहणार होती.

सरांनी जुना फोटो शेजारी ठेवून भिंग फिरवलं आणि ते थांबले. नावाखालचा एक डाग फोटोत नव्हता. शाईचं बोट लागलं असेल, म्हणाले; स्कॅन करताना काढून टाकू.

"बघू, सर."

भिंगाखाली डागाच्या रेघा सुट्या झाल्या. टोकदार बोरूने एकेक ओढलेल्या, वळत वळत आत गेलेल्या. बाबांनी अंगठ्याचा ठसा काढला होता.

मैत्रीने आपला उजवा अंगठा उलटा करून शेजारी धरला. कागदावरचा तिच्या निम्माच होता. चाकूच्या व्रणाची तिरकी रेघ मात्र दोन्हींवर एकाच जागी होती.