खोलीत दुसरं कोणी नाही

"मॅडम, रूममध्ये अजून कोण आहे?"

हेडफोनमधून ऑनलाइन परीक्षेच्या पर्यवेक्षकाचा आवाज आला आणि गीतांजलीचा माउसवरचा हात जागच्या जागी थिजला.

"कोणी नाही सर. मी एकटीच आहे."

"बोलण्याचा आवाज येतोय."

"तो सीपीयूला लावलेला फॅन असेल सर. जुना आहे, घुरघुरतो."

"ही पहिली वॉर्निंग. तिसरीला पेपर बंद होतो, माहितीय ना? मान वळवू नका. दोन्ही हात टेबलावर दिसू द्या."

माहीत होतं. विमा कंपनीची नोकरी घरी बसून करायची, म्हणून परीक्षाही घरूनच. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती. म्हणजे हा पेपर, नाहीतर

काही नाही होत.

नाहीतर काहीच नाही.

फॅनचं म्हणाल तर ऋषी, तिचा धाकटा दीर, सकाळपासून त्याच्याशीच झटत होता. करंजाड्यात चारी बाजूंनी इमारती उठताहेत. त्यांची सिमेंटची धूळ सीपीयूच्या जाळीवर पापडासारखी धरली होती, ती त्याने ब्रशने खरवडून काढली. डबा भिंतीपासून पुढे ओढला. "गरम हवा बाहेर पडायला जागा नको? तू तर ह्याचं नाकच दाबून ठेवलंयस, वहिनी." सायकलच्या ट्यूबच्या चकत्या कापून स्क्रूखाली घातल्या, पत्रा थरथरू नये म्हणून. तरीही आतला फॅन किंचाळतच राहिला, तेव्हा त्याची वायर उपटली आणि बाजूचा पत्रा काढून तिथे एक मोठा फॅन टेकवून दिला, जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डाला जोडून.

"मोठा आहे, सावकाश फिरतो. आवाज कमी, हवा जास्त. फक्त हा बंद करू नकोस हां. मशीन तापलं की तुला न विचारता बसेल."

आता तो बाहेर हॉलमध्ये होता. त्याला आत यायला मनाई. दाराला आतून कडी. खिडकी लावलेली, छताचा पंखा बंद. फक्त तिच्या पायाशी तो मोठा फॅन, घूं घूं.

पुढचा प्रश्न. दोन गाड्यांची धडक झाली. एकीचा विमा चालू आहे, दुसरीचा संपलेला. तर नुकसान

काही नाही होत. काही नाही होत.

नुकसान कोणी भरायचं? चार पर्याय. तिने वाचले. परत वाचले. परत.

"मॅडम. पुन्हा आला आवाज."

"सर, शप्पथ, फॅनच आहे. कॅमेरा फिरवून दाखवू का?"

"कॅमेरा हलवायचा नाही. फॅन एकसारखा वाजतो, मॅडम. हा थांबून थांबून येतोय. कोणीतरी हळू बोलतंय तुमच्याजवळ. कोणी उत्तरं सांगत असेल तर आताच बाहेर काढा. ही दुसरी."

परीक्षेआधी तिने सगळी खोली कॅमेऱ्यापुढे फिरवून दाखवली होती. कपाट उघडून दाखवलं होतं. पलंगाखालीही दाखवलं होतं. पण तिने स्वतः पाहिलं होतं का? ती तर कॅमेरा धरून पडद्याकडेच बघत होती. आता पलंग तिच्या पाठीमागे होता. मान वळवायची नव्हती.

तिनेही कान दिला. घुरघुरीच्या आत खरंच काहीतरी होतं. तिने कान दिला की ते गप्प व्हायचं. प्रश्न वाचायला लागली की पुन्हा

झालं, झालं. काही नाही होत.

पुन्हा सुरू.

फॅन असणार. फॅनच असायला हवा. पातं कुठेतरी घासत असेल, चकती सरकली असेल. बंद केला की सरांनाही कळेल आणि तिलाही. मशीन किती वेळ तग धरेल? तेवढ्यात उरलेले प्रश्न होतील? हात टेबलावर, डोळे पडद्यावर. टेबलाखाली पाय लांब करून तिने अंगठ्याने बोर्ड चाचपला. एक बटण. दुसरं. ह्यातलं चुकीचं दाबलं तर सगळंच

झालं, झालं, झालं.

खट्.

पाती रेंगाळत रेंगाळत थांबली. खोली एकदम मोठी झाली. उघड्या पत्र्यातून पोटरीवर झळ यायला लागली. तिने झटकन एक उत्तर निवडलं, पुढचा प्रश्न उघडला, डोळे ओळीवरून पळवले.

"हां," हेडफोनमधला आवाज म्हणाला. "आता स्पष्ट ऐकू येतंय. बाईचा आवाज आहे."

गीतांजली हलली नाही.

"ती म्हणतेय..." तो ऐकत होता. मघाची जरब आता त्याच्या बोलण्यात नव्हती. "काही नाही होत. झालं, झालं. लहान पोराला इंजेक्शन देताना म्हणतात ना, तसं." मग अगदी हळू, "मॅडम, शेवटचं विचारतो. कोण आहे ती?"

पडद्याच्या कोपऱ्यात छोटी चौकट होती, तिचा स्वतःचा चेहरा दाखवणारी. इतका वेळ तिने तिकडे बघितलंच नव्हतं. आता बघितलं.

चेहऱ्याचे ओठ हलत होते.

तिने ओठ मिटले. दातांखाली घट्ट धरले.

चौकटीतले हलतच राहिले.